आधी माहीत होतं का?

पुण्यात आमच्या सहकारनगरच्या सोसायटीत वर्षातून दोनदा, रविवारी सकाळी, हॉलमध्ये शुगर तपासणीचं टेबल लागतं. जवळच्या दवाखान्यातले डॉक्टर आणि एक सिस्टर येतात. सुई सिस्टर टोचतात, वही मी लिहिते. वहीतले रकाने साधेच आहेत: नाव, वय, पोटाचा घेर, शेवटचं कधी आणि काय खाल्लं, मशीनवरचा आकडा. शेवटचा रकाना मात्र डॉक्टरांनी आग्रहानं घालायला लावला: ‘आधी माहीत होतं का?’ पहिल्या वर्षी मला तो उगाच वाटला होता. आता वहीत सगळ्यांत आधी माझी नजर तिथेच जाते.

मागच्या वेळी दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी हॉलच्या दारातूनच म्हणाले, “मला काही नाहीये हो वहिनी. रोज तळजाई टेकडीवर चालायला जातो, साखर तर कधीच सोडलीय, घरात गूळच असतो. उगाच तुमची एक पट्टी वाया जायची.” मी म्हटलं, “जाऊ दे वाया. बसा.” वय 52. अंगानं सडपातळ, पण टेप पोटाभोवती फिरवली तर 96 सेंटिमीटर. सिस्टरनं त्यांना आधी बेसिनवर हात धुऊन यायला सांगितलं. (हे नुसतं स्वच्छतेसाठी नसतं. बोटाला आंब्याचा रस किंवा पेढ्याचा कण चिकटलेला असेल तर मशीन तीच साखर मोजतं आणि आकडा भलताच येतो.) बोटाच्या कडेला सुई, पहिला थेंब पुसला, दुसरा पट्टीला लावला. पाच सेकंदांनी आकडा आला: 212. दीड तासापूर्वी चहा आणि दोन खारी झाली होती.

शेवटच्या रकान्यात मी लिहिलं, ‘नाही’.

त्यांचा पहिला प्रश्न अगदी रास्त होता: “मग मला काही त्रास कसा नाही?” मधुमेहाबद्दल एकच गोष्ट समजून घ्यायची असेल तर ती ही. आपली मूत्रपिंडं रक्त गाळतात, पण साखर वाया जाऊ देत नाहीत. गाळलेली साखर ती परत रक्तात ओढून घेतात. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की हे काम त्यांच्या आवाक्याबाहेर जातं आणि उरलेली साखर लघवीत उतरते. साखर जाताना पाणीही ओढून नेते. म्हणून वारंवार लघवी, म्हणून घशाला कोरड, म्हणून वजनात घट. आपण ज्यांना मधुमेहाची लक्षणं म्हणतो ती बहुतेक या 180 च्या पलीकडची आहेत. उपाशीपोटी साखर 126 झाली की मधुमेह धरला जातो. म्हणजे 126 पासून 180 पर्यंत बराच मोठा पट्टा असा आहे जिथे आजार असतो, पण अंगाला काही जाणवत नाही. या पट्ट्यात माणूस पाच-सात वर्षंसुद्धा आरामात काढतो. रात्री एकदा उठावं लागलं तर ‘वय झालं’ म्हणतो.

माझ्या लहानपणी आजोबांची तपासणी लघवीचीच व्हायची. निळ्या बेनेडिक्ट द्रावणात लघवीचे थेंब टाकायचे, परीक्षानळी दिव्यावर धरायची आणि रंग बघायचा. निळाच राहिला तर ठीक, हिरवा झाला तर थोडी, पिवळा-नारिंगी झाला तर जास्त आणि विटकरी झाला तर फारच. आम्ही मुलं तो रंग बदलताना बघायला ओट्यापाशी गोळा व्हायचो. तेव्हा नळी निळी राहिली की सगळं घर निर्धास्त व्हायचं. आज कळतं की निळ्या रंगाचा अर्थ फक्त ‘180 च्या आत’ एवढाच होता. मधुमेह नाही, असा त्याचा अर्थ नव्हताच. ‘मला त्रास नाही’ म्हणणारा माणूस आजही ती निळी नळीच बघत असतो.

या गप्प पट्ट्यात आत काही घडत नाही, असं मात्र नाही. ब्रिटनमध्ये टाइप 2, म्हणजे बहुतेकांना होतो त्या प्रकारच्या मधुमेहाच्या रुग्णांचा एक मोठा, वर्षानुवर्षं चाललेला अभ्यास झाला. त्यात निदान झालं त्याच वेळी जवळजवळ निम्म्या रुग्णांमध्ये डोळे, नसा, रक्तवाहिन्या यांपैकी कुठेतरी आजाराच्या खुणा सापडल्या होत्या. म्हणजे आजाराची तारीख आणि निदानाची तारीख यांत वर्षांचं अंतर होतं. पहिली तारीख उलटून गेली की ती कुणालाच बदलता येत नाही. दुसरी मात्र लवकरची करता येते.

आता आकड्यांकडे वळू. ‘मधुमेहाचं प्रमाण वाढलं’ हे वाक्य आपण सतत ऐकतो, पण प्रमाण म्हणजे नेमकं काय मोजलं हे कुणी सांगत नाही. पुणेकराला हे समजणं सगळ्यांत सोपं आहे, कारण आपण दर जुलैमध्ये हेच गणित पेपरात वाचतो. खडकवासला धरणात आज किती पाणी आहे तो साठा. टेमघर, वरसगाव, पानशेत या वरच्या धरणांकडून आणि पावसानं रोज किती पाणी येतंय तो येवा. मुठा नदीत किती सोडलं तो विसर्ग. आत्ता, या घडीला गावात मधुमेह असलेले लोक किती, हा झाला साठा. मधुमेहाचं ‘प्रमाण’ म्हणतात ते हेच. वर्षभरात नव्यानं किती जणांना झाला, तो येवा. आणि मधुमेह असलेली किती माणसं वर्षभरात गेली, तो विसर्ग.

हे तीन शब्द वेगळे ठेवले की गोंधळ कमी होतो. धरण भरतं ते पाऊस जास्त झाला म्हणूनच असं नाही, विसर्ग कमी केला तरी भरतं. मधुमेहाचे रुग्ण आता इन्शुलिन, गोळ्या, रक्तदाबाची औषधं यांमुळे पूर्वीपेक्षा जास्त जगतात. त्यानंही प्रमाण वाढतं, आणि ते वाढणं चांगलंच आहे. त्यात शहराचं सरासरी वयही वाढतंय. काळजी करायची ती येव्याची, विशेषतः तिशी-पस्तिशीत येणाऱ्या येव्याची. म्हणून ‘प्रमाण दुप्पट झालं’ असं वाचलं की पहिला प्रश्न मनात यावा: पाऊस वाढला, की दरवाजे बंद केले, की पूर्वी मोजपट्टीच नीट लावली नव्हती?

मोजपट्टीवरून आठवलं. आमच्या हॉलमधल्या वहीवरून पुण्याचं प्रमाण काढता येत नाही. टेबलाशी कोण येतं? ज्यांना शंका आहे ते, ज्यांच्या घरात आहे ते, आणि रविवारी सकाळी मोकळे असलेले ज्येष्ठ. शिवाय कुणी उपाशी, कुणी पोहे खाऊन. ही वही माणसं शोधायला उपयोगाची आहे, शहर मोजायला नाही. मोजायचं तर गावं, वॉर्ड, घरं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडावी लागतात. घरी जाऊन, उपाशीपोटी रक्त घेऊन, ग्लुकोज पाजून दोन तासांनी पुन्हा घ्यावं लागतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ सर्वेक्षणानं 2008 ते 2020 या काळात देशभर हे केलं. वीस वर्षांवरच्या 1 लाख 13 हजारांहून अधिक लोकांना तपासलं. 2023 मध्ये निष्कर्ष आले: 11.4 टक्के लोकांना मधुमेह, म्हणजे देशात सुमारे 10 कोटी 10 लाख माणसं. आणखी 15.3 टक्के लोक ‘बॉर्डर’वर, म्हणजे साखर वाढलेली, पण अजून मधुमेहाच्या आकड्याखाली. शहरात 16.4 टक्के, खेड्यात 8.9. राज्याराज्यांतला फरक तर प्रचंड: गोव्यात 26.4 टक्के, उत्तर प्रदेशात 4.8. महाराष्ट्राची मोजणी याच सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यात झाली होती. 2011 मध्ये आलेला आकडा होता 8.4 टक्के, बॉर्डरवरचे 12.8. तो जुना आहे हे लक्षात ठेवूनच वाचायचा.

मला यातला सर्वांत बोलका आकडा वाटतो तो बॉर्डरवरच्यांचा. मधुमेह शहरात खेड्याच्या जवळजवळ दुप्पट आहे, पण बॉर्डरवरचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं आहे. वरच्या धरणांत पाणी साठलं की खडकवासल्यात ते आज ना उद्या येणारच, तसं हे आहे. मुळशी-वेल्ह्याच्या खेड्यांतल्या नातेवाइकांना ‘तुमच्याकडे मोकळी हवा, तुम्हाला कसली शुगर’ असं म्हणायचे दिवस राहिले नाहीत.

याच सर्वेक्षणानं लोकांना काय ठाऊक आहे हेही विचारलं होतं. पहिल्या टप्प्यातल्या चार प्रदेशांत, महाराष्ट्रही त्यात होता, मधुमेह नावाचा काही आजार असतो हेच फक्त 43.2 टक्के लोकांना माहीत होतं. शहरात 58.4, खेड्यात 36.8. तो टाळता येतो हे प्रत्यक्ष मधुमेही असलेल्यांपैकीही 63.4 टक्क्यांनाच ठाऊक होतं. आज पुण्यात नाव ऐकलं नाही असा माणूस मला भेटलेला नाही. अमृततुल्यमध्ये उभं राहा, ‘एक बिनसाखर’ अशी हाक दहा मिनिटांत एकदा तरी येते. पण नाव माहीत असणं ही पहिली पायरी झाली. आजार गप्प असतो हे माहीत असणं ही दुसरी. मला होऊ शकतो हे पटणं ही तिसरी. आणि माझा आकडा किती, कुठल्या तारखेचा, हे सांगता येणं ही चौथी. आमचे शेजारी पहिल्या पायरीवर खंबीर उभे होते. गूळ खात होते, आणि गूळही बहुतांशी साखरच असते.

तिसऱ्या पायरीवर आपण अडतो याचं एक कारण ‘मी जाड नाही’ हे आहे. या बाबतीत जगाला शिकवलं ते पुण्यानंच. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. इथलं बाळ जन्मतः सरासरी 2.7 किलोचं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं 3.5 किलोचं. बाळ हडकुळं खरं, पण नीट मोजल्यावर दिसलं की आपल्या बाळात कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. चरबी त्या मानानं राखलेली होती. वरून बारीक, आतून चरबीदार. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2. काटा दोघांबद्दल एकच सांगत होता, शरीरं वेगळं सांगत होती.

हे महत्त्वाचं का? जेवणानंतर रक्तात येणारी साखर सामावून घेणारं सर्वांत मोठं कोठार म्हणजे स्नायू. इन्शुलिन ही त्या कोठाराची किल्ली. कोठारच लहान असेल आणि यकृतात, पोटात चरबी साठून किल्ली अडकू लागली, तर स्वादुपिंडाला जास्त जास्त इन्शुलिन बनवावं लागतं. वर्षानुवर्षं ते बनवतं, मग दमतं. म्हणून आपल्यासाठी वजनाच्या मर्यादाही खाली आहेत: बीएमआय 23 च्या पुढे सावध व्हायचं, आणि कंबर पुरुषांची 90, बायकांची 80 सेंटिमीटरच्या आत हवी. पँटच्या मापावर जाऊ नका, पँट पोटाखाली बांधली जाते.

त्या गावांतल्या अभ्यासातून आणखी एक धागा निघाला. दोन तृतीयांश गरोदर मातांमध्ये बी-12 जीवनसत्त्व कमी होतं. ज्या मातांमध्ये बी-12 कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनची किल्ली सर्वांत जास्त अडकताना दिसली. म्हणजे या आजाराची सुरुवात काहींच्या बाबतीत पन्नाशीतल्या आळसातून नव्हे, आईच्या पोटात होते. हे वाचल्यापासून मी ‘खाण्यावर ताबा नाही म्हणून झाला’ असं कुणालाही म्हणत नाही. तसं म्हटल्यानं माणसं तपासणीला येत नाहीत, लपवतात.

चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेनं 2005 मध्ये सुईशिवाय धोका ओळखायची एक गुणपद्धत दिली. ती आम्ही टेबलावर चिकटवून ठेवतो. वय 35 च्या आत असेल तर 0, 35 ते 49 ला 20, पन्नाशीपुढे 30. कंबर मर्यादेत असेल तर 0, पुरुषांची 90 ते 99 किंवा बायकांची 80 ते 89 असेल तर 10, त्याहून जास्त असेल तर 20. नियमित व्यायाम आणि अंगमेहनतीचं काम दोन्ही असेल तर 0, एकच असेल तर 20, काहीच नसेल तर 30. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर 10, दोघांना असेल तर 20. बेरीज 60 किंवा जास्त झाली तर रक्त तपासायलाच हवं. आमच्या शेजाऱ्यांची बेरीज: वयाचे 30, कंबरेचे 10, तळजाई आहे पण नोकरी बैठी म्हणून 20, आईला होता म्हणून 10. सत्तर. रक्ताचा थेंब काढायच्या आधीच कागद बोलत होता.

हॉलमधल्या मशीनवर निदान होत नाही. 212 बघून डॉक्टरांनी त्यांना गोळी दिली नाही, लॅबला पाठवलं. उपाशीपोटीची साखर 126 किंवा जास्त, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी 200 किंवा जास्त, किंवा एचबीएवनसी 6.5 किंवा जास्त, हे मधुमेहाचे निकष. लक्षणं नसतील तर दोन चाचण्यांत जमलं पाहिजे. एचबीएवनसी म्हणजे ज्याला आपण ‘तीन महिन्यांची सरासरी’ म्हणतो ते. लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते त्यात मोजतात, आणि पेशी साधारण तीन-चार महिने जगते. म्हणून तपासणीच्या आधी चार दिवस पथ्य पाळून हा आकडा फसत नाही. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल तर मात्र तो खोटा जास्त येऊ शकतो, आणि आपल्याकडे अशा बायका घरोघरी आहेत. एवढ्याचसाठी फक्त या एका आकड्यावर विसंबू नये. शेजाऱ्यांचं उपाशीपोटी 148 आलं, एचबीएवनसी 7.6.

एचबीएवनसी 5.7 ते 6.4 आलं तर? त्याला आपण ‘बॉर्डरवर आहे’ म्हणतो आणि सुटकेचा श्वास टाकतो. माझ्या मते सर्वांत जास्त धावपळ करायची ती याच वेळी. चेन्नईच्याच डॉ. रामचंद्रन यांच्या 2006 च्या अभ्यासात बॉर्डरवरच्या ज्या लोकांना नुसता नेहमीचा सल्ला दिला, त्यांच्यातल्या 55 टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांचं खाणं-चालणं मागे लागून बदलून घेतलं, त्यांच्यात 39.3 टक्के. येवा अडवायची जागा हीच.

खाण्याबद्दल लिहायला बसलं तर वेगळा लेख होईल. एकच सांगते, आपल्याकडे साखरेपेक्षा पिठूळ पदार्थांचा ढीग मोठा असतो. एकादशीची साबुदाण्याची खिचडी ‘उपवासाची’ म्हणून हलकी वाटते, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. पोहे, मग पोळी, मग भात, मध्ये बिस्किटं, आणि उसळ वाटीच्या तळाशी. तो तोल उलटा करा आणि जेवल्यावर लगेच टेकू नका. पंधरा मिनिटं चाललं तरी चालणारे स्नायू साखर ओढून घेतात, त्या वेळी किल्ली अडकलेली असली तरीही. ज्यांना बरीच वर्षं मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू आहे त्यांनी अधूनमधून बी-12 तपासून घ्यावं, ते या गोळीनं कमी होतं आणि पायाला येणाऱ्या मुंग्या शुगरच्या नावावर खपतात.

एक गोष्ट मला टोचत राहते. याच ‘इंडियाब’च्या 2017 च्या निष्कर्षांत दिसलं होतं की महाराष्ट्र, तामिळनाडू, चंडीगड यांसारख्या सधन भागांतल्या शहरांत मधुमेहाचं प्रमाण श्रीमंतांपेक्षा गरीब घरांत जास्त आहे. ‘श्रीमंतांचा आजार’ हे जुनं वाक्य आपल्या शहरांपुरतं उलटं झालंय. आणि आमच्या वहीत कोण होतं? फ्लॅटवाले. आमच्याच इमारतीत रोज आठ घरं करणाऱ्या ताई, रात्रपाळीचे वॉचमन, इस्त्रीवाले दादा, यांचं एकही नाव नव्हतं. रविवारी दहा वाजता ती माणसं कामावर असतात. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, आशाताई घरी येऊन फॉर्मही भरतात. पण दिवसा घराला कुलूप असेल तर त्या तरी कुणाचा भरणार?

म्हणून या खेपेला टेबल हॉलमध्ये नाही, गेटपाशी लावलं, सकाळी साडेसहाला. सिस्टर कुरकुर न करता आल्या. पहिल्या आल्या त्या आमच्याकडेच काम करणाऱ्या ताई, डबा काखेत. म्हणाल्या, “तुम्ही सांगितलं म्हणून चहा पण नाही घेतला बघा. पटकन करा, साडेसातला वरच्यांकडे पोळ्या आहेत.” सिस्टरनं बोट पुसलं. मी वय विचारलं, त्या म्हणाल्या चाळीस असेल. कंबर 86. आईचं विचारल्यावर म्हणाल्या, “पायाची जखम भरली नाही, त्यातच गेली. शुगर होती का ते कुणी बघितलंच नाही.” आईच्या प्रश्नापुढे मी ‘माहीत नाही’ लिहिलं आणि मशीनकडे बघितलं. 139.

“आधी माहीत होतं का, ताई?”

“काय?” त्या म्हणाल्या.

मी टेबलाच्या पलीकडे त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, पर्समधून चिवड्याची पुडी काढून त्यांच्या हातात ठेवली आणि वरच्या मजल्यावर फोन केला, की पोळ्यांना आज अर्धा तास उशीर होईल.